इंजिनाच्या पत्र्याला पावडर कोटिंग? माझ्या मते नकोच

पत्रेवाला
पोर्शे ३५६ च्या इंजिनावरचे पत्रे सुटे करून ठेवलेत. ज्याला विचारावं तो सांगतो, "पावडर कोटिंग (रंगाची कोरडी पावडर फवारून भट्टीत भाजायची) मारून टाक, पुन्हा बघायला नको." मला ते पटत नाही. ही गाडी १९४८ ते १९६५ मधली. तिच्या इंजिनावर प्लॅस्टिकसारखा जाड, गुळगुळीत थर दिसला की माझं मनच उतरतं. पंख्याच्या आवरणावरची एक पट्टी सोडवली, तर खाली जुना काळा रंग शाबूत निघाला. पातळ, अर्धवट चकाकीचा, खालच्या कडेला एक ओघळ तसाच सुकलेला. स्पॉट वेल्डचे खळगे त्यातून स्वच्छ दिसतात, पावडरीत ते बुजणार. मी गंज काढून फॉस्फेटिंग (रंग धरायला आणि गंज रोखायला रासायनिक थर), पातळ प्रायमर आणि फवाऱ्याने काळा टू-के रंग (हार्डनर मिसळून मारायचा) एवढंच करणार.

तेलकट_हात
ओघळही पुन्हा काढणार का? :-)
गाडी चालवायची आहे की कपाटात ठेवायची? ह्या पत्र्यांवर तेल गळतं, पेट्रोल सांडतं, दर कामाला पाना घासतो. माझ्या पत्र्यांना पावडर करून नऊ वर्षं झाली, फडकं मारलं की साफ. आणि सेमी-ग्लॉस पावडरही मिळते. प्लॅस्टिक दिसतं ते चकाकी चुकीची निवडल्यामुळे.

शंकासुर
पण पावडरीचा थर उष्णता कोंडून ठेवतो ना? एअर-कूल्ड इंजिन तापेल की.

तेलकट_हात
नाही हो. थंडावा येतो तो पंख्याच्या वाऱ्याने. पत्र्याचं काम तो वारा सिलिंडरच्या पंखांवर (बाहेरच्या पातळ फिन्सवर) आणि आवरणातल्या ऑइल कूलरवर नेणं, आणि खालची गरम हवा वर येऊ न देणं. पत्र्याला काय फासलंय ह्याने फारसा फरक पडत नाही. कडेचं रबर फाटलेलं असेल तर मात्र पडतो, आणि त्याकडे कुणी बघत नाही. सिलिंडरच्या पंखांवर जाड रंग चढवू नका, ती भानगड वेगळी.

जुना_मिस्त्री
उष्णतेबद्दल तेलकट बरोबर. बाकीचं ऐका. पावडर साधारण १८० ते २०० अंशांवर भाजतात. पत्र्याच्या दुमडलेल्या शिवणीत इतक्या वर्षांचं तेल मुरलेलं असतं. वरून पत्रा कितीही लख्ख असो, भट्टीत ते तेल पाझरतं आणि शिवणीच्या कडेने फोड येतात. मी एक आवरण तीनदा भाजलंय, तिसऱ्या वेळी आधी नुसतंच कोरडं तापवलं तेव्हा कुठे जमलं. दुसरं, पावडर विजेच्या भाराने चिकटते, त्यामुळे खोल आतल्या कोपऱ्यात नीट शिरत नाही. बाहेरून तुळतुळीत, आत उघडा पत्रा.

आणि सगळ्यात मोठी चूक रंगाच्या आधीच होते. पातळ पत्र्यावर जोराच्या दाबाने वाळू मारली की तो पापडासारखा वाकतो, मग भोकाला भोक जुळत नाही. वाळू शिवणीत अडकते ती वेगळीच, इंजिन सुरू झालं की पंखा तीच उडवत बसतो.

पत्रेवाला
नऊ वर्षं टिकली हे मान्य. पण तेलकट, एक स्क्रू काढून वॉशरखाली बघा. जाड थर चेपून तिथे चीर पडते, तीतून ओल आत जाते आणि गंज पावडरीखाली लपून पसरतो. रंग निघाला तर निदान दिसतो, ब्रश मारता येतो. पावडरीला डागडुजी नाही, अख्खा पत्रा पुन्हा उतरवा.

तेलकट_हात
बघितलं. सातपैकी दोन जागी तडा आहे, गंज एकाच ठिकाणी. त्यासाठी पत्रे उतरवणार नाही मी. तुमच्या टू-के रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते श्वासाला घातक, विसरू नका. साधा कापडी मास्क चालत नाही, बाहेरून हवा पुरवणारा लागतो. पावडरवाल्याला ती धास्ती नाही.

पत्रेवाला
मास्कचं खरं आहे, ते काम भाड्याच्या बूथमध्येच करेन. आणि मिस्त्री, पट्टीखालचा तो तळहाताएवढा भाग टेप लावून तसाच ठेवतोय. चकाकी त्याच्याशीच ताडून बघणार.

जुना_मिस्त्री
ताडण्याआधी तो भाग साबणपाण्याने धू. तेलाच्या पापुद्र्यानेही रंग चकाकतो, फसशील.