वाचनालयाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावरच्या पीडीएफ: कोणत्या ठेवाव्यात, कोणत्या काढाव्यात?

पाटीपेन्सिल (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावातलं ‘ब’ वर्ग सार्वजनिक वाचनालय आहे. सभासदांचा व्हॉट्सअ‍ॅप गट मुळात नवीन पुस्तकांची यादी आणि सुट्ट्या कळवायला काढलेला. आता त्यावर साने गुरुजी, गडकरी, पु.ल., गेल्या वर्षी आलेल्या कादंबऱ्या, चालू दिवाळी अंक, सगळं एकापाठोपाठ येऊन पडतंय. शिवाय टेलिग्राम चॅनेलच्या लिंका. कार्यकारिणीत काही जण म्हणतात, वाचन वाढतंय तर वाढू दे. काही म्हणतात, सरसकट बंद करा.

मला तीन गोष्टी हव्या आहेत. पीडीएफ कायद्यात बसते की नाही हे ग्रंथपालाला पाच मिनिटांत कसं ठरवता येईल? न बसणाऱ्या काढायच्या तर सभासद न दुखावता कशा काढाव्यात? आणि त्याऐवजी लोकांना द्यायचं काय?

खिळेजुळारी

सरसकट बंद करू नका. जुन्या मराठी साहित्याचा बराच भाग आज कायद्यानेच सगळ्यांसाठी मोकळा आहे आणि तो लोकांपर्यंत पोचवणं हे वाचनालयाचंच काम आहे.

हिशोब असा. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. ही साठ वर्षं मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजायची. साने गुरुजी जून १९५० मध्ये गेले, म्हणजे मोजणी १ जानेवारी १९५१ पासून, आणि १ जानेवारी २०११ ला त्यांचं लेखन मोकळं झालं. सोपं करून सांगायचं तर मृत्युवर्षात ६१ मिळवा. त्या वर्षाच्या १ जानेवारीला हक्क संपतो. गडकरी (१९१९) कधीच मोकळे. मर्ढेकर (१९५६) २०१७ पासून. सावरकर (१९६६) १ जानेवारी २०२७ पासून. अत्रे (१९६९) २०३० पासून. खांडेकर (१९७६) २०३७. पु.ल. (२०००) २०६१. म्हणजे तुमच्या यादीतले साने गुरुजी आणि गडकरी ठेवा, पु.ल. काढा.

मृत्युवर्ष मराठी विश्वकोशाच्या संकेतस्थळावर बहुतेक वेळा सापडतं. पुस्तकावर फक्त शके असेल तर ७८ मिळवा: शके १८५७ म्हणजे १९३५. आणि एक चूक फार होते. पुस्तक कधी छापलं यावरून लोक ठरवतात. १९४० सालचं पुस्तक असलं तरी लेखक १९८५ मध्ये गेला असेल तर ते २०४६ पर्यंत मोकळं नाही. लेखक टोपणनावाने लिहीत असला तरी खरं नाव जाहीर असेल तर मृत्युवर्षच धरायचं. लेखक खरोखरच अज्ञात असेल तरच प्रकाशनापासून ६० वर्षं.

शेवटचा फॉर्मा

वरच्या हिशोबात एक भर घालतो, कारण इथेच घोटाळा होतो. एका पुस्तकात एकापेक्षा जास्त लोकांचे हक्क असतात.

बहिणाबाई चौधरींचं घ्या. त्या १९५१ मध्ये गेल्या, पण कवितासंग्रह आला १९५२ मध्ये. लेखकाच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या साहित्याची साठ वर्षं प्रकाशनापासून मोजतात, म्हणून कविता १ जानेवारी २०१३ ला मोकळ्या झाल्या, २०१२ ला नव्हे. आणि त्याच संग्रहाला प्रस्तावना आहे अत्र्यांची. ती २०२९ अखेरपर्यंत हक्कात आहे. म्हणजे कविता टाइप करून गटावर टाकल्या तर काही हरकत नाही, पण प्रस्तावनेसकट अख्खा स्कॅन टाकला तर आहे.

तेव्हा पीडीएफ आली की पहिली चार-पाच पानं उघडायची आणि हक्कांचं पान, म्हणजे मुद्रक, आवृत्ती आणि ‘सर्व हक्क सुरक्षित’ असतं ते पान, नीट वाचायचं. अनुवादक कोण? अनुवादावर अनुवादकाचा वेगळा हक्क असतो, मूळ लेखक शंभर वर्षांपूर्वी गेला असला तरी. संपादक, टीपा, नवी प्रस्तावना कोणाची? दोन लेखक असतील तर जो नंतर गेला त्याचं वर्ष धरायचं. मुखपृष्ठ आणि आतली चित्रं अलीकडच्या चित्रकाराची आहेत का? हक्कांचं पानच कापलेलं असेल तर समजा की कापणाऱ्याला ते दाखवायचं नव्हतं, आणि फाइल काढून टाका. मोबाइलने फोटो काढून केलेल्या पीडीएफवर तळाशी स्कॅनिंग अ‍ॅपचं नाव असतं. नव्या पुस्तकाच्या पानावर ते दिसलं की वेगळी चौकशी नको.

दिवाळी अंकांबद्दल जरा कळकळीने लिहितो. अंकातल्या प्रत्येक लेखाचा, कवितेचा, व्यंगचित्राचा हक्क वेगळा, त्यामुळे अख्खा अंक एका तारखेला मोकळा होत नाही. चालू अंक तर अजिबात टाकू नये. अंकाचं गणित जाहिराती आणि छापील विक्रीवर चालतं आणि ती विक्री काही आठवड्यांत आटोपते. त्याच आठवड्यांत पीडीएफ फिरली तर पुढच्या वर्षी जाहिरातदाराला दाखवायला खपाचा आकडाच उरत नाही. पुस्तकांचंही तसंच. मराठीत पुष्कळ पुस्तकांची आवृत्ती हजार-पाचशे प्रतींची असते. त्यातल्या शंभर वाचकांना फाइल मिळाली तर दुसरी आवृत्ती निघत नाही, आणि पुस्तक बाजारातून नाहीसं झाल्यावर वाचनालयालाही ते विकत घेता येत नाही.

उंबरठा

कायद्याचं वर आलं आहे. मी फायलींच्या धोक्याबद्दल लिहितो, कारण गटात ज्येष्ठ सभासद असणार.

टेलिग्राम चॅनेलवरची लिंक बहुधा थेट फाइलवर नेत नाही. आधी आखूड लिंक, मग जाहिरातींची दोन-तीन पानं, मग ‘पुढे जा’ची खोटी बटणं, आणि शेवटी ‘पुस्तक वाचण्यासाठी हे अ‍ॅप घ्या’. ते अ‍ॅप म्हणजे एपीके फाइल, प्ले स्टोअरला वगळून थेट फोनमध्ये बसणारी. ती एसएमएस वाचण्याची परवानगी मागते आणि बँकेचे ओटीपी एसएमएसनेच येतात. पुस्तकाला एसएमएस वाचायचं काही कारण नसतं.

सभासदांच्या अँड्रॉइड फोनवर एवढं करून द्या: सेटिंग्ज, अ‍ॅप्स, ‘स्पेशल अ‍ॅप अ‍ॅक्सेस’, ‘इन्स्टॉल अननोन अ‍ॅप्स’. तिथे व्हॉट्सअ‍ॅप, टेलिग्राम, क्रोम आणि फाइल मॅनेजर या सगळ्यांपुढची परवानगी बंद. काही फोनमध्ये हे ‘सिक्युरिटी’खाली असतं, सेटिंग्जमधल्या शोधपट्टीत ‘अननोन’ टाइप केलं की सापडतं.

वाचनालयाच्या संगणकावर विंडोज ११ असेल तर फाइल एक्स्प्लोरर उघडा, व्ह्यू, शो, आणि ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर खूण करा. विंडोज ही शेवटची अक्षरं एरवी लपवतं, त्यामुळे ‘कादंबरी.पीडीएफ.ईएक्सई’ ही फाइल, जी पुस्तक नसून प्रोग्रॅम आहे, ‘कादंबरी.पीडीएफ’ अशी दिसते आणि माणूस तिच्यावर दोनदा टिचकी मारतो.

आणि त्या संगणकावरचं विंडोज अस्सल आहे का, तेही बघून घ्या. सेटिंग्ज, सिस्टिम, अ‍ॅक्टिव्हेशन. तिथे संस्थेच्या केएमएस सर्व्हरने (मोठ्या संस्था आपल्या सगळ्या संगणकांचे परवाने ज्यावरून चालू करतात त्या सर्व्हरने) सक्रिय केल्याचा उल्लेख असेल आणि तुमच्या संस्थेकडे असा सर्व्हरच नसेल, तर दुरुस्तीवाल्याने चोरीचं विंडोज टाकलं आहे. असे अ‍ॅक्टिव्हेटर, म्हणजे परवान्याशिवाय विंडोज चालू करणारे प्रोग्रॅम, चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, आणि त्याच वेळी आत आणखी काय शिरलं ते पुढे कळत नाही. बेकायदेशीर प्रत आहे हे माहीत असून सॉफ्टवेअर वापरण्याच्या गुन्ह्यासाठी कॉपीराइट कायद्यात कलम ६३ब स्वतंत्र आहे. परवाना घ्यायला पैसे नसतील तर विंडोज आणि ऑफिसऐवजी लिनक्स मिंट आणि लिबरऑफिस टाका, पुस्तकांच्या नोंदीला कोहा हे ग्रंथालयांचं सॉफ्टवेअर; तिन्ही मोफत आहेत. फलक आणि पत्रकांसाठी मुक्त आणि बालू हे देवनागरी फाँट खुल्या परवान्याचे आहेत, छापायलाही चालतात.

पाटीपेन्सिल

फार उपयोग होतोय, आभार. आणखी चार प्रश्न. आमच्याकडची जुनी, तुकडे पडायला आलेली पुस्तकं आम्ही स्कॅन करू शकतो का? दोन अंध सभासद आहेत, त्यांच्यासाठी काय करता येईल? काही जण पुस्तकांचं अभिवाचन रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकतात, ते चालतं का? आणि सभासदाने टाकलेल्या फाइलसाठी अ‍ॅडमिनला धरतात का?

कलम बावन्न

एकेक घेते.

स्कॅनिंग: कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे विनानफा सार्वजनिक ग्रंथालयाकडे पुस्तकाची छापील प्रत आधीपासून असेल तर जतनासाठी ती डिजिटल रूपात साठवता येते. साठवता येते एवढंच. गटावर वाटायची मुभा त्यात नाही. पुस्तक भारतात विक्रीला उपलब्धच नसेल तर ग्रंथालयाच्या वापरासाठी जास्तीत जास्त तीन प्रती करता येतात. ‘दुकानदार नाही म्हणाला’ एवढ्यावर थांबू नका. प्रकाशकाला ईमेल करा, आलेलं उत्तर फाइलला लावा. हक्क संपलेलं पुस्तक असेल तर कसलीच अडचण नाही, स्कॅन करा आणि वाटा.

अंध सभासद: इथे कायदा बराच उदार आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर दिव्यांग व्यक्तींसाठी पुस्तकाचं सुलभ रूप, म्हणजे ध्वनिमुद्रण, ब्रेल किंवा स्क्रीन रीडरला (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला) वाचता येईल अशी फाइल, विनानफा तयार करता येतं, पुस्तक हक्कात असलं तरी. अट एकच: ते त्यांच्यापुरतं राहिलं पाहिजे. त्यामुळे अशी फाइल गटावर टाकू नका, पेनड्राइव्हवर द्या आणि नोंदवहीत लिहा. ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन ग्रंथालयात त्यांची नावं नोंदवून द्या. स्कॅनच्या पानाचा नुसता फोटो स्क्रीन रीडर वाचत नाही, त्यातून अक्षरं काढावी लागतात. गूगल ड्राइव्हमध्ये फाइलवर उजवी टिचकी मारून ‘ओपन विथ गूगल डॉक्स’ केलं की छापील देवनागरी बऱ्यापैकी उतरते; जोडाक्षरं, रफार आणि ऱ्हस्व-दीर्घ मात्र हाताने तपासा.

अभिवाचन: प्रसिद्ध पुस्तकातले माफक उतारे सभेत वाचणं चालतं. पैसे न घेता हौशी मंडळाने श्रोत्यांसमोर केलेल्या सादरीकरणालाही सूट आहे. यूट्यूबवर अख्खी कथा कायमची टाकणं मात्र या सुटीत बसत नाही. लेखकाची लेखी परवानगी लागते. ‘लेखकाचं नाव दिलंय’, ‘पैसे कमवत नाही’ या दोन्ही सबबी तिथे चालत नाहीत.

अ‍ॅडमिन: सदस्याच्या मजकुराची फौजदारी जबाबदारी अ‍ॅडमिनवर आपोआप येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे. तो खटला एका अश्लील शेऱ्याचा होता, कॉपीराइटचा नव्हता, तेव्हा त्यावर फार विसंबू नका. जाणूनबुजून उल्लंघन करणं किंवा त्याला मदत करणं यासाठी कलम ६३ मध्ये ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं. व्यापारी फायदा नसेल तर न्यायालय कारणं नोंदवून शिक्षा कमी करू शकतं, पण गट वाचनालयाच्या नावाने आहे. प्रकाशकाची तक्रार आल्यावरही फाइल तशीच राहिली तर ‘माहीत नव्हतं’ म्हणता येणार नाही.

शेवटचा फॉर्मा

काढायच्या कशा, यावर. माणसाला जाहीर टोकू नका. अ‍ॅडमिनला कोणाचाही संदेश सगळ्यांसाठी पुसता येतो, तो पुसा आणि त्या सभासदाला स्वतंत्र फोन करा. बहुतेकांनी ती फाइल प्रेमानेच पुढे पाठवलेली असते. गटाच्या वर्णनात हे चिकटवा, हवं तसं बदला:

‘या गटावर हक्क संपलेली किंवा लेखक-प्रकाशकांनी स्वतः मोफत दिलेली पुस्तकंच पाठवावीत. पाठवताना लेखकाचं मृत्युवर्ष किंवा मूळ संकेतस्थळाची लिंक सोबत द्यावी. इतर फाइल ग्रंथपाल काढतील आणि ते पुस्तक वाचनालयात आहे का ते कळवतील.’

शेवटचं वाक्य गाळू नका. पीडीएफ पुसल्यावर तासाभरात ‘हे पुस्तक आपल्याकडे आहे, दाखल क्रमांक अमुक, आज आत आहे’ असा संदेश गेला तर माणूस वाचनालयात येतो. नसेल तर मागणीवहीत त्याच्या नावाने नोंद करा.

खिळेजुळारी

त्याऐवजी द्यायचं काय, तर मराठी विकिस्रोत सगळ्यात आधी. तिथे जुन्या पुस्तकाचं स्कॅन केलेलं पान आणि शेजारी तपासलेला मजकूर दिसतो. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुष्कळ प्रकाशनं त्यांच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. ई साहित्य प्रतिष्ठान लेखकांच्या परवानगीने पुस्तकं देतं. अटी पुस्तकाच्या सुरुवातीच्याच पानांवर असतात, त्या वाचा. मोफत दिलेल्या पुस्तकावर हक्क असतोच, तेव्हा फाइल पुढे ढकलण्यापेक्षा लिंक द्यावी. इंटरनेट अर्काइव्हवर जुनी मराठी पुस्तकं खूप आहेत, पण तिथे कोणीही काहीही चढवतं. तिथे सापडलं हा पुरावा धरू नका, मृत्युवर्षाचा हिशोब तिथेही करा. नव्या पुस्तकांसाठी बुकगंगा, किंडल, ऐकायचं असेल तर स्टोरीटेल. मात्र किंडलचं एक खातं सभासदांत फिरवणं त्यांच्या अटींत बसत नाही.

गटात अमेरिकेतली मुलंबाळं असतील तर त्यांना सांगा, तिकडे जुन्या पुस्तकांची मोजणी प्रकाशनापासून ९५ वर्षं अशी आहे. इथे मोकळं असलेलं पुस्तक तिथे हक्कात असू शकतं.

पाटीपेन्सिल

एक शेवटचं. आमच्या भागातल्या एका दिवंगत लेखकाचं पुस्तक कुठेच मिळत नाही, हक्क संपायला अजून वीस वर्षं आहेत, आणि तीच पीडीएफ गटावर सगळ्यात जास्त मागितली जाते.

कलम बावन्न

वारसांना पत्र लिहा. आधी प्रकाशकाकडे विचारा की हक्क कोणाकडे आहेत. करारात मुदत लिहिलेली नसेल तर हक्क दिल्यापासून पाच वर्षांचीच धरतात, त्यामुळे जुन्या पुस्तकांचे हक्क पुष्कळदा घरच्यांकडे परतलेले असतात. पत्रात पुस्तकाचं नाव, आवृत्ती, काय करायचं आहे (स्कॅन करून सभासदांना मोफत देणं), किती काळासाठी आणि कुठे, एवढं नेमकं लिहा. खाली ‘आम्ही परवानगी देतो’ असा मजकूर आणि सर्व वारसांच्या सह्यांना जागा सोडा. एकाच मुलाची सही घेतली आणि बहिणीने हरकत घेतली तर परवानगी अडकते. पुनर्मुद्रणाची तयारी असेल तर तेही विचारा.

उत्तर येईपर्यंत पीडीएफ काढून ठेवा आणि जिल्ह्याच्या ग्रंथालयाकडे छापील प्रतीची चौकशी करा. प्रत मिळाली की गटावर प्रतीक्षायादी लावा, प्रत्येकाला आठ दिवस.