रिमांड होम, सुधारगृह, बालगृह : सगळं एकच का?

टिपणवही : मुंबई इलाख्यातल्या जुन्या सरकारी कागदांवर थोडं लिहितोय. आधी ‘रिफॉर्मेटरी स्कूल’ येतं, पुढे ‘रिमांड होम’. वर्तमानपत्रं मात्र सरसकट ‘बालसुधारगृह’ लिहितात. मीही तेच लिहून मोकळा होऊ का? आणि ‘तुरुंग’ बरा की ‘कारागृह’?

काळाकोट : होऊ नका मोकळे. रिफॉर्मेटरी म्हणजे १८७६ च्या आणि नंतर १८९७ च्या कायद्याखालची शाळा. १८९७ च्या व्याख्येत फक्त मुलगे येतात, तेही पंधरा वर्षांखालचे आणि गुन्हा शाबीत झालेले. तुरुंगाऐवजी तीन ते सात वर्षं तिथे धाडायचं. म्हणजे कैदेच्या बदली ती शाळा. हिला ‘सुधारशाळा’ म्हणा, हरकत नाही.

रिमांड होमचं तसं नाही. मुंबईचा बालक कायदा १९२४ चा, रिमांड होम चालवणारी चिल्ड्रन्स एड सोसायटी १९२७ ची. रिमांड म्हणजे चौकशी पुरी होईपर्यंत ताब्यात ठेवणं. तिथल्या पोरावर अजून काही शाबीत झालेलं नसतं. कित्येकांवर तर आरोपही नसायचा, कुणी नुसतंच निराधार. त्यालाही ‘सुधारगृहात’ घातलंत, तर त्याने केलं तरी काय होतं, हा प्रश्न वाचकाला पडणारच.

गिरणगावकर : बोलण्यात ‘रिमांड होम’च राहणार हो. “पुन्हा शाळा बुडवलीस तर रिमांड होममध्ये टाकीन” हा धाक आमच्या चाळीत घरोघरी होता. “निरीक्षणगृहात टाकीन” म्हटलं तर पोरं हसतील.

काळाकोट : बोलण्याला कोण अडवतंय? पण १९८६ च्या केंद्रीय बाल न्याय कायद्यापासून कागदावर ‘निरीक्षणगृह’ आलं. आजची वाटणी अशी : चौकशी चालू असलेला मुलगा निरीक्षणगृहात, दोष सिद्ध झालेला विशेषगृहात, काळजी-संरक्षणाची गरज असलेला बालगृहात. पहिल्या दोघांचं बाल न्याय मंडळ बघतं, तिसऱ्याचं बालकल्याण समिती. आता या तिघांवर मिळून ‘बालसुधारगृह’ अशी एकच पाटी लावणाऱ्या बातमीदाराला मला एकदा भेटायचंय!

टिपणवही : आणि मुंबईतल्या डोंगरीचं? तिथे तर वास्तूच एक.

गिरणगावकर : तिथे तारीख बघूनच शब्द घ्या. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात, म्हणजे तिथल्या दिवाणाच्या बदनामीच्या खटल्यात, टिळक-आगरकर तिथे होते, तेव्हा तो तुरुंग. आगरकरांनी पुस्तकाच्या नावातच ‘डोंगरीच्या तुरुंगातील’ असं लिहिलंय. पुढे तिथेच मुलं ठेवायला लागले, तेव्हा रिमांड होम, आता निरीक्षणगृह. टिळकांना निरीक्षणगृहात ठेवलं होतं असं चुकूनही लिहू नका.

मांडवीपार : ‘तुरुंग’बद्दल आम्हा गोंयकारांनी बोलायलाच हवं. तो पोर्तुगीज ‘त्रोंकु’वरून आला असं मानतात. त्याचा मूळ अर्थ झाडाचं खोड, मग पाय अडकवायचं लाकूड, मग कैदखाना. गंमत अशी की मराठीतही ‘खोड’ आणि ‘खोडा’ शेजारीच नांदतात. कामात खोडा घालतो तो हाच. पेशवाईच्या कागदांत शोधायचं असेल तर ‘बंदिखाना’, ‘अदबखाना’ हे शब्द बघा. तेव्हा बहुतेक कैदी किल्ल्यांवरच ठेवत, त्यामुळे ‘किल्ल्यावर अटकेस ठेवणे’ हाही प्रयोग सापडेल.

काळाकोट : ‘कारागृह’ हा आजच्या खात्याचा शब्द : येरवडा मध्यवर्ती कारागृह वगैरे. माणूस मात्र तुरुंगात जातो नाहीतर जेलमध्ये. कारागृहात फक्त बातमीत जातो. तसंच ‘कैदी’ आणि ‘बंदी’चं. खातं लिहितं ‘न्यायाधीन बंदी’ आणि ‘सिद्धदोष बंदी’, आतले लोक म्हणतात कच्चा कैदी आणि पक्का कैदी. हा कच्चा-पक्का भेद तुमच्या आकडेवारीत जपा. दोन्हींची बेरीज करून ‘गुन्हेगार’ म्हणणं साफ चूक.

टिपणवही : मग अवतरणात मूळचा शब्द, माझ्या वाक्यात त्या काळचा, आणि कंसात आजचा?

काळाकोट : कंस पहिल्यांदा एकदाच. दर ओळीला कंस आला की वाचक पळतो. आणि अलीकडच्या कागदांत मुलांची नावं दिसली तरी छापू नका. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने ओळख उघड करायला मनाई आहे. कलम २४ प्रमाणे तर बहुतेक प्रकरणांत दोषसिद्धीचा अभिलेखही अपिलाची मुदत संपल्यावर नष्ट करायचा असतो.

गिरणगावकर : कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलाला हल्ली कागदावर म्हणतात ते ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ तेवढं टाळता येईल का? लिहिताना हात दुखतो.

काळाकोट : २००० आधीच्या मजकुरात तो शब्द यायचं कारणच नाही. आजच्या संदर्भात ‘बालक’ पुरतं, फक्त ‘बालगुन्हेगार’ नको. आणि ‘विधिसंघर्षग्रस्त’च वापरायचा असेल, तर समासातला ‘वि-धि’ ऱ्हस्व. प्रेसनोटमध्ये निम्म्या वेळा ‘विधी’ दीर्घ असतो.