पिप-बॉय ३००० चा छापील किट: पडदा पांढरा, आवाज लागला की रीस्टार्ट, हातात सैल

नांदूर_नाका:
नमस्कार मंडळी. 'फॉलआउट ३' (२००८) या व्हिडिओ गेममधला पिप-बॉय ३००० (नायकाच्या हातावरचा संगणक) हातावर घालता येईल असा जुळवायला घेतलाय. कवचाचे भाग पीएलएमध्ये (थ्रीडी छपाईचं नेहमीचं प्लास्टिक) छापून झालेत. आत रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू (छोटा संगणक, पुढे नुसता 'पाय'), साडेतीन इंची ४८०×३२० चा एसपीआय पडदा (२६ पिनांचा, पायवर थेट बसणारा), मॅक्स९८३५७ अँप्लिफायर आणि ४ ओहमचा स्पीकर, केवाय-०४० रोटरी एन्कोडर (फिरवायची गुंडी), स्टॅट्स-आयटम्स-डेटासाठी तीन बटणं, रेडिएशनच्या काट्यासाठी छोटं व्हीयू मीटर. वीज एका १८६५० लिथियम सेलवर: टीपी४०५६ चार्जर, पुढे एमटी३६०८ बूस्ट (व्होल्टेज वाढवणारा).

अडलंय ते असं. पडदा नुसता पांढरा. आवाज लागला की पाय रीस्टार्ट होतो. पडद्याखाली पिना झाकल्या गेल्यात, तर एन्कोडर, बटणं, मीटर कुठे जोडायचं? कवचाचा आतला घेर ३० सेंमी, हात मध्यावर २३ आणि मनगटाशी १६.५ सेंमी. सगळं ८५ टक्क्यांवर पुन्हा छापावं का? मुंबईच्या कॉमिक कॉनला घालून जायचंय, म्हणजे दिवसभर टिकायला हवं.

सातपूर_सोल्डर:
आधी रीस्टार्ट सोडवा. वीज डळमळीत असताना बाकी काहीही तपासलं तरी उत्तर भरवशाचं येत नाही.

एमटी३६०८ वर जो २ अँपिअरचा आकडा सांगतात, तो सलग मिळेल असं धरू नका. ३.७ वरून ५ व्होल्ट करताना सलग १ अँपिअर धरा, त्याच्या वर नाही. पाय आणि पडदा मिळून साधारण ०.४५ अँपिअर घेतात. त्यावर ४ ओहमच्या स्पीकरचा झटका आला की व्होल्टेज खाली बसतं. मोठे पाय ४.६३ व्होल्टच्या खाली तक्रार करतात, झीरो मालिकेत ती सोय नाही, तो सरळ रीस्टार्ट होतो. मल्टिमीटर पायच्या २ आणि ६ नंबरच्या पिनांवर लावा, बूस्टच्या तोंडाशी नको. बूस्टपाशी ५.१ आणि पायवर ४.७ दिसलं, तर दोष वायरींचा. ब्रेडबोर्डच्या केसासारख्या वायरी काढून २२ गेजच्या सिलिकॉन वायरी घाला. क्षणभराचा झोल मल्टिमीटरला दिसत नाही, आणि झीरोच्या स्वतःच्या नोंदीतही येत नाही, हे लक्षात ठेवा.

उपाय याच क्रमाने करा. अँप्लिफायरची वीज पायच्या हेडरवरून (४० पिनांची रांग) घेऊ नका, बूस्टच्या आउटपुटवरून वेगळी जोडी ओढा. अँप्लिफायरला चिकटून १००० मायक्रोफॅरड, १० व्होल्टचा कपॅसिटर लावा. स्पीकर ८ ओहमचा घ्या, करंट जवळपास अर्धा होतो आणि एवढ्याशा डबीत आवाजात फारसा फरक कळत नाही. एमटी३६०८ चा स्क्रू पाय जोडायच्या आधी मल्टिमीटर लावून ५.१ वर आणा. कित्येक फेरे काहीच होत नाही आणि मग एकदम हलतो, त्या घाईत पाय जळतात.

टीपी४०५६ वर लोड चालू ठेवून चार्ज करायचं नाही. चार्ज पूर्ण झालं हे तो करंट घटण्यावरून ओळखतो; पाय चालू असला की करंट घटतच नाही आणि सेल वरच्या व्होल्टेजला अडकून राहतो. दोन बाजूंचा स्विच लावा: एका बाजूला चार्ज, दुसऱ्या बाजूला चालू.

सेल घेताना ९९०० एमएएच लिहिलेला हातात आला तर परत ठेवा. १८६५० मध्ये खरे ३५०० च्या आसपासच मिळतात. नाशकातल्या एमजी रोडवर किंवा ऑनलाइन, कुठेही घ्या, पण वजन करून घ्या. चांगला सेल ४५ ग्रॅमच्या पुढे भरतो. २६०० चा खरा सेल म्हणजे ९.६ वॉट-तास, बूस्टमधली तूट जाऊन आठ उरतात, तुमचा खर्च सव्वादोन वॉट. साडेतीन तास. दिवसभरासाठी दोन सेल जवळ ठेवा आणि होल्डर बाहेरून उघडेल असा करा.

पडदा: ड्रायव्हर चढेपर्यंत हे पडदे पांढरेच राहतात. जुन्या लेखांतली फ्रेमबफर (पडद्यावरचं चित्र) कॉपी करणारी स्क्रिप्ट पायच्या ओएसच्या बुकवर्म आवृत्तीपासून चालत नाही. एसपीआय (पडद्याची जोडणी) सुरू करा आणि कॉन्फिगमध्ये पीस्क्रीन ओव्हरले (ड्रायव्हर चढवणारी ओळ) डीआरएम पर्यायासह घाला (कंट्रोलर आयएलआय९४८६ असेल तर). कॉन्फिग फाइल आता बूटच्या आतल्या फर्मवेअर फोल्डरमध्ये असते. जुन्या जागी लिहिलेलं वाचलं जात नाही, इथे बरेच जण फसतात. तरीही पांढराच असेल तर पडदा काढून पुन्हा बसवा, एक पिन सरकून बसला असण्याची शक्यता मोठी.

वेगाची अपेक्षा आधीच बेतात ठेवा. एका चित्राला ४८०×३२०×१६ म्हणजे सुमारे २४.६ लाख बिट लागतात. १६ मेगाहर्ट्झला सेकंदाला साडेसहा चित्रं, २४ ला दहाच्या जवळ. पडदाभर सरकणाऱ्या रेघा अडखळणारच. रेघा स्थिर ठेवा आणि बदललेला भाग तेवढाच रंगवा.

आता पिना. पडदा १ ते २६ झाकतो, २७ ते ४० मोकळ्या. आता पुढचे आकडे जीपीआयओचे, हेडरवरच्या १ ते ४० या क्रमांकांपेक्षा वेगळे. एन्कोडर जीपीआयओ ५ आणि ६ वर, बटणं १३, १६, २६ वर, मीटर १२ वर (तिथे हार्डवेअर पीडब्ल्यूएम मिळतो, म्हणजे वीज झपाट्याने चालू-बंद करून काटा हवा तिथे ठेवता येतो). अँप्लिफायरला १८, १९, २१ लागतात. त्यातली १८ पडद्याखाली येते, तिला पायच्या मागच्या बाजूने सोल्डर करा. २० मोकळी दिसते पण वापरू नका, आयटूएस (अँप्लिफायरची डिजिटल आवाजाची जोडणी) सुरू झाला की तीही तोच घेतो. एन्कोडरची 'प्लस' पिन ३.३ व्होल्टला जोडा. पाच व्होल्ट दिले तर त्या बोर्डावरचे पुलअप रोधक पाचच व्होल्ट जीपीआयओवर चढवतात आणि पिन मरते. एन्कोडर घरं उडवत असेल तर दोन्ही पिनांपासून ग्राउंडला १०० नॅनोफॅरडचा एकेक कपॅसिटर.

पंचवटी_प्रिंट:
८५ टक्के अजिबात नको. पडद्याचं दिसणारं क्षेत्र ७३×४९ मिमी आहे, तुमची खिडकी ६२ वर येईल. स्क्रूची भोकं, बटणांच्या फटी, सगळंच चुकेल. वरची डबी आहे तशी ठेवा, बदल फक्त हाताभोवतीच्या कड्यात करा.

घेर ३० म्हणजे व्यास ९५ मिमी. हाताचा २३ म्हणजे ७३. बाजूला ११ मिमीची फट. ६ मिमीचे दोन ईव्हीए फोमचे थर घाला. दाबून ११ होतात आणि पकड येते. मनगटाच्या टोकाला फट २१ मिमी भरते, तिथे तेवढा जाड फोम भरू नका, उतरता तिसरा थर द्या आणि उरलेलं पट्ट्यावर सोडा. कडं बिजागरीचं नसेल तर पंजाची रुंद जागा आधी मोजा, नाहीतर मनगटाला छान बसणारं कडं हातात शिरणारच नाही. पट्ट्याला देवळाली कॅम्पातल्या लष्करी सामानाच्या दुकानांत जाडा हिरवट कॅनव्हास विचारा, रंगही शोभतो.

दुसरी गोष्ट, पुठ्ठ्याच्या मॉडेलवर जी कळत नाही: पडदा, पाय, मीटर सगळं वर, म्हणून चालताना यंत्र हाताभोवती फिरतं. सेल खालच्या बाजूला, तळहाताकडे न्या, तोल सावरतो. मग वायर बिजागरी ओलांडते. तिथे दोन सेंमी सैल वळसा ठेवा आणि सेलच्या अगदी जवळ २ अँपिअरचा फ्यूज द्या. वायर बिजागरीत चिरडली तर शॉर्ट थेट त्वचेशेजारी होतो, फ्यूज टाळू नका.

पीएलए साधारण ६० अंशांना मऊ पडतो. नाशकात एप्रिल-मेमध्ये उन्हातल्या बंद गाडीत डॅशबोर्ड त्याच्या वर सहज जातो. सगळं पुन्हा छापायची गरज नाही, पण कडं आणि बिजागरी पीईटीजीमध्ये घ्या (८० च्या आसपास धरते). ताण तिथेच असतो आणि वाकडी झालेली बिजागरी सरळ होत नाही. पावसाळ्यात छापणार असाल तर फिलामेंट आधी वाळवा. धागे सुटायला लागले की ओल धरलीय असं समजा.

पाय ८० अंशांना स्वतःचा वेग कमी करतो. त्याला छोटा हीटसिंक लावा, वरच्या डबीत कोपराकडे दोन आणि बोटांकडे दोन फटी द्या. हाताच्या बाजूला फटी नकोत, घाम आत जातो.

नांदूर_नाका:
धन्यवाद, दोघांचेही. पडदा आला, पीस्क्रीनच होता. वेगळी जोडी ओढल्यावर रीस्टार्टही थांबला. आता मीटर आणि रंग. काटा कायम उजव्या टोकाला आपटतोय. शिवाय सध्या पाऊस आहे, प्रायमर मारू का?

रंगपेटी:
व्हीयू मीटरचा काटा सहसा ५०० मायक्रोअँपिअरला टोकाला जातो. ३.३ व्होल्टला एकूण ६.६ किलोओहम लागतात, त्यात कॉइलचे सहाशे-सातशे ओहम आधीच आहेत. ४.७ किलोओहमचा रोधक आणि २ किलोओहमचा प्रीसेट (स्क्रूने बदलता येणारा रोधक) ओळीने जोडा, पीडब्ल्यूएम पूर्ण देऊन प्रीसेटने काटा टोकाला आणा. डायल छापून चिकटवताना काट्याच्या आसाला गोंद लागू देऊ नका. मागून एलईडी दिलात तर फिकट पिवळा द्या, पांढऱ्यात कागद उघडा पडतो.

रंग पावसात नको. हवेतली ओल थरात अडकून पांढरट साय येते, ती घासूनच काढावी लागते. दोन कोरडे दिवस मिळाले तर सकाळी अकरा ते तीनमध्ये मारा. त्याआधी १८० आणि मग ३२० चा कागद, थरांच्या रेघांना गाड्यांची एनसी पुट्टी अगदी पातळ, पुन्हा ३२०, मग सरफेसर (जाड प्रायमर). सरफेसर मारल्यावर ज्या रेघा दिसतील त्या खऱ्या; त्या आधी दिसत नाहीत, म्हणून इथे घाई केलेली शेवटी उठून दिसते. मग ४०० ने हलकं घासून रंगाचे दोन-तीन पातळ हात.

झिजलेपण सगळीकडे सारखं फासू नका. यंत्र डाव्या हातात असतं, त्यामुळे उजव्या हाताची बोटं जिथे पोचतात तिथेच रंग उडतो: डायलची कड, बटणांचा भोवताल, बकल. तिथे पेन्सिलीच्या ग्रॅफाइटची पूड बोटाने चोळा, धातूसारखी चमकते. गंज स्क्रूखाली आणि खाचांत, पातळ तपकिरी अॅक्रिलिकने, ओघळ हात खाली सोडल्यावर जातील त्या दिशेने. शेवटी मॅट क्लिअर, पण ग्रॅफाइट त्यानंतर. उलट केलंत तर चमक मरते.

सातपूर_सोल्डर:
एक राहिलं. डबी गोंदाने बंद करू नका, एम३ चे पितळी इन्सर्ट बसवा. भोक इन्सर्टच्या व्यासापेक्षा ०.३ ते ०.५ मिमी लहान, पीएलएला सोल्डरिंग आयर्न २२० वर, नुसतं वजन ठेवायचं, दाबायचं नाही. आणि एसडी कार्डाची फट बाहेरून उघडी ठेवा. चालू असताना वीज गेली तर कार्डच बिघडतं, ते बदलायला सगळं कवच खोलावं लागू नये. जीपीआयओ ३ ते ग्राउंड असं एक छोटं बटण शटडाऊनसाठी द्या, तेच पाय पुन्हा जागाही करतं. ३ ची पिन पडद्याखाली येते, तिलाही १८ सारखं मागूनच सोल्डर करा.