मच्छेतल्या शेडसाठी कंत्राटदार ‘पार्टनरिंग’ करार म्हणतोय: सही करण्याआधी काय ठरवून घ्यावं?

मच्छे_वर्कशॉप (प्रश्न)

नमस्कार मंडळी. बेळगावजवळच्या मच्छे औद्योगिक वसाहतीत ९,००० चौरस फुटांची पीईबी (कारखान्यात तयार सुटे भाग आणून जोडायची स्टीलची) शेड आणि पुढच्या बाजूला १,८०० चौरस फुटांचं दोन मजली ऑफिस बांधायचं आहे. शेडमध्ये व्हीएमसी (धातू कापण्याचं संगणकचलित) मशीन आणि २ टनी क्रेन येणार. सिव्हिल कंत्राटदाराने चौरस फुटाच्या दराऐवजी वेगळाच प्रस्ताव दिलाय. टार्गेट खर्च २.४० कोटी, हिशेब ओपन बुक (प्रत्यक्ष खर्चाची बिलं मालकाला उघडी), वाचले तर निम्मे-निम्मे, आणि काम सुरू करण्याआधी सगळ्यांनी मिळून ‘पार्टनरिंग चार्टर’वर सही करायची. चार्टर दीड पानाचा आहे. परस्पर विश्वास, पारदर्शकता, वेळेत निर्णय असं त्यात लिहिलंय. माणूस कामाचा आहे, नाव चांगलं आहे.

विचारायचं हे की चार्टर हाच करार समजायचा का? खर्च वाढला तर तो कुणाच्या अंगावर? आणि भाषेचं काय? मसुदा इंग्रजीत, आमचं बोलणं मराठीत, त्यांचा हिशेब कन्नडमध्ये. उद्या बिनसलं तर कुठला कागद चालणार?

साइट_इंजिनिअर_खानापूर

चार्टर म्हणजे करार नव्हे, हे आधी पक्कं धरा. पार्टनरिंगची ही पद्धत १९८०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकी लष्कराच्या अभियांत्रिकी विभागाने आपल्या कामांवर रुजवली. तिथेही मूळ करार जसाच्या तसा राहायचा. काम सुरू होण्याआधी मालक, कंत्राटदार आणि डिझायनर एकत्र बसून चार्टर करायचे, अडचण आली तर ती कुणी, किती दिवसांत सोडवायची हे ठरवायचे. ब्रिटनमध्ये २०००मध्ये ‘पीपीसी २०००’ हा प्रमाणित नमुना आला, त्यात मात्र भागीदारीची वागणूक कराराच्या कलमांतच घातली. तुम्हीही तेच करा. दीड पानाचा चार्टर ठेवा, पण पैसा, वेळ आणि जबाबदारी मुख्य करारात येऊ द्या, आणि ‘चार्टर व करारात विसंगती असल्यास करार ग्राह्य’ ही ओळ दोन्हीकडे लिहा.

आता पैशाचं. ‘निम्मे-निम्मे’ एवढ्यावर सोडू नका, आकडे घालून उदाहरण करारालाच जोडा. समजा प्रत्यक्ष खर्च २.२८ कोटी झाला. १२ लाख वाचले, कंत्राटदाराला ६ लाख, तुमचं एकूण देणं २.३४ कोटी. खर्च २.५६ कोटींवर गेला तर १६ लाख जादा. त्यातले पहिले १२ लाख, म्हणजे टार्गेटच्या ५ टक्के, निम्मे-निम्मे. वरचे ४ लाख पूर्ण कंत्राटदाराचे. म्हणजे तुमचं देणं २.४६ कोटींवर थांबलं. ही वरची मर्यादा लिहिलेली नसेल तर ओपन बुक म्हणजे मालकाचा उघडा खिसा.

टार्गेट कधी बदलेल तेही आधीच ठरवा. मालकाने ड्रॉइंग बदललं, जमिनीखाली वेगळंच निघालं, सरकारी कर बदलला, किंवा सिमेंट-स्टीलचा दर ठरलेल्या पायादरापेक्षा ५ टक्क्यांहून जास्त हलला, एवढ्याच कारणांनी. मजूर मिळाला नाही, दुबार काम झालं, माल वाया गेला, या कारणांनी नाही.

जमिनीवर तर आपल्या भागात सगळ्यात जास्त भांडणं होतात. खानापूर-बेळगाव पट्ट्यात एकाच प्लॉटच्या एका कोपऱ्यात मुरूम आणि दुसऱ्या कोपऱ्यात जांभा लागतो. अथणी-गोकाककडे काळी माती. टार्गेट ठरवण्याआधी दोघांच्या खर्चाने चार कोपरे आणि मध्य असे खड्डे घ्या, फूटिंगच्या (खांबाच्या पायाच्या) तळाच्या खाली जाईपर्यंत. साधी माती, मुरूम, मऊ खडक, पक्का खडक असे खोदाईचे चार दर आत्ताच लिहा. खडक लागल्यावर दर ठरवायला बसलात तर ब्रेकर दाराशी उभा असतो आणि भाव त्याचा चालतो. काळी माती निघाली तर न फुगणाऱ्या मुरमाचा भराव किंवा अंडररीम्ड पाइल (तळाशी फुगीर केलेला खोल काँक्रीटचा खांब) यातला निर्णय स्ट्रक्चरल इंजिनिअरचा, आणि त्यासाठी टार्गेट बदलणार हे मान्य.

ओपन बुक म्हणजे बिलांची फाइल दाखवणं नव्हे. दर महिन्याला मालाचा ताळमेळ घाला. सळईचं वजन व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे १२ मिमीला मीटरला ०.८८८ किलो. बीबीएसप्रमाणे (सळईच्या मापांच्या तक्त्याप्रमाणे) लागलेलं वजन, काट्यावरचं वजन आणि शिल्लक माल यांची तुलना करायची. सळई प्रमाणित वजनापेक्षा थोडी हलकी-भारी येतेच, १२ आणि १६ मिमीला ५ टक्क्यांपर्यंत ते मान्य आहे. म्हणून हिशेब काट्याच्या वजनाने की सूत्राने, हे आधी लिहा. स्टीलला ३ टक्के आणि सिमेंटला २ टक्के घट धरली तर त्यापुढची घट खर्चात धरायची नाही. मोजमाप आय.एस. १२०० (बांधकाम मोजण्याचं भारतीय मानक) प्रमाणे, कारण प्लास्टरमध्ये अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या जागेची वजावट होत नाही आणि त्यापुढे ३ चौरस मीटरपर्यंत एकाच बाजूची होते. खिडक्यांवरून होणारी निम्मी कटकट इथेच संपते.

शेवटी ‘आगाऊ सूचना’ वही. हेच पार्टनरिंगचं खरं अंग. वेळ किंवा पैसा बिघडेल असं काहीही दिसलं की ज्याला दिसलं त्याने ४८ तासांत लिहायचं: तारीख, अडचण, किती दिवस, किती रुपये, निर्णय कुणाचा, कधीपर्यंत. सूचना उशिरा दिली तर उशिरामुळे वाढलेला भाग टार्गेटमध्ये येणार नाही. दर आठवड्याला एक ठरलेला वार धरून साइटवर अर्धा तास ही वही उघडायची आणि दोघांनी सही करायची.

कंत्राटदार_निपाणी

वरच्या सरांचं बरोबर आहे, पण हे सगळं कंत्राटदाराला बांधणारं झालं. मालकालाही बांधा, नाहीतर याला पार्टनरिंग म्हणू नये.

पहिलं, आमची फी टक्केवारीत ठेवू नका. खर्चाच्या १० टक्के म्हटलं की खर्च वाढला तर फी वाढते, मग वाचवायचं कशाला? ठोक रक्कम लिहा. समजा २२ लाख, टार्गेटच्या आतच धरलेली. खर्चात काय धरायचं याची यादी करा. माल, मजुरी, साइटवरचा सुपरवायझर, सेंट्रिंगचं भाडं, डिझेल हे खर्चात. कंत्राटदाराचं ऑफिस, त्याची गाडी, दुसऱ्या साइटवरून आणलेल्या मशीनचं रिकामं भाडं हे फीमध्ये. मिक्सर, व्हायब्रेटर त्याच्या स्वतःचे असतील तर दिवसाचं भाडं आधीच ठरवा.

दुसरं, निर्णयाची मुदत. टाइल, दरवाजे, वायरिंगचे पॉइंट मालकाने ७ दिवसांत सांगायचे. व्हीएमसीच्या फाउंडेशनचं ड्रॉइंग मशीन कंपनीकडून येतं आणि ते नेहमी उशिरा येतं. त्याची तारीख वेळापत्रकात मालकाच्या नावावर टाका. ड्रॉइंगविना फ्लोअर ओतला तर नंतर ट्रिमिक्स (जादा पाणी शोषून घट्ट केलेला काँक्रीटचा फ्लोअर) फोडावा लागतो, आणि तो खर्च कुणाचा यावरून चांगली माणसं तुटतात.

तिसरं, बिल. रनिंग बिल दर १५ दिवसांनी, मोजमाप ३ दिवसांत, पैसे पुढच्या ७ दिवसांत. गवंडी आणि बारबेंडर यांचा पगार आठवड्याला असतो. तुमचे पैसे एक महिना थांबले की टोळी दुसऱ्या साइटला गेली म्हणून समजा, आणि गेलेली टोळी परत आणणं सोपं नसतं. वाद असलेली रक्कम बाजूला ठेवा, बाकीची द्या. १० टक्के ॲडव्हान्स दिलात तर ८० टक्के काम होईपर्यंत बिलांतून कापून पूर्ण करा. ५ टक्के रिटेन्शन (बिलातून राखून ठेवलेली रक्कम) ठीक आहे. त्यातलं निम्मं काम ताब्यात देताना सोडा, निम्मं १२ महिन्यांनी, म्हणजे एक पूर्ण पावसाळा शेडवरून जातो आणि रिज, गटर, स्क्रूजवळची गळती तेव्हाच कळते.

वेळापत्रकात दोन गोष्टी. जूनआधी प्लिंथ (जोतं) आणि भराव संपला नाही तर खड्ड्यात पाणी, बाजू ढासळलेल्या, मुरूम चिखल. पावसाचे म्हणून ठराविक दिवस वेळापत्रकातच धरा, त्याहून जास्त गेले तर मुदतवाढ मिळेल पण पैसे नाहीत. आणि उसाचा हंगाम! कारखाने पेटले की चिकोडी, निपाणी, अथणीकडचे ट्रॅक्टर आणि मजूर तोडणी-वाहतुकीला जातात. नोव्हेंबर ते मार्च मुरूम-भरावाची वाहतूक धरायची असेल तर गाड्या आधी बांधून ठेवा.

वकील_टिळकवाडी

भाषा आणि कागद यांचं मी सांगतो. करारावर सही बेळगावात करा आणि कर्नाटकच्या ई-स्टॅम्पवर करा. कोल्हापूर किंवा चंदगडकडचा कंत्राटदार तिकडचा स्टॅम्प घेऊन येतो, तो टाळा. मुद्रांक कमी असेल तर करार रद्द होत नाही, पण फरक आणि दंड भरेपर्यंत कोर्ट तो पुराव्यात घेत नाही, आणि कर्नाटकात तो दंड दहापट आहे. २०२३च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी लवादाच्या (कोर्टाऐवजी पंचाकडून निवाडा) कलमाबाबतही हेच सांगितलं: बिनमुद्रांकाचं कलम शून्य नाही, पण दोष दुरुस्त करावाच लागतो.

मूळ प्रत इंग्रजी किंवा कन्नड ठेवा, मराठी प्रत समजुतीसाठी जोडा, आणि अर्थाचा वाद झाल्यास कोणती प्रत ग्राह्य ते स्पष्ट लिहा. दोन्ही प्रती ‘समान ग्राह्य’ असं कधीच लिहू नका. आगाऊ सूचनेची वही मराठीत चालेल, फक्त आकडे आणि तारखा नीट असू द्या.

‘भागीदार’ हा शब्द करारात येऊ देऊ नका. नफा वाटून घेणं आणि एकत्र धंदा करणं दिसलं की १९३२च्या भागीदारी कायद्याचा मुद्दा निघू शकतो, मग कंत्राटदाराच्या सिमेंटवाल्याची उधारी तुमच्या दारात. ‘यातून भागीदारी किंवा एजन्सी निर्माण होत नाही, बचतीचा वाटा हा कामाच्या मोबदल्याचा भाग आहे’ असं कलम हवं.

आता मुख्य धोका. मैत्रीत लोक नोटीस देत नाहीत. करार कायद्याचं कलम ५५ असं आहे की वेळ महत्त्वाची ठरलेली असताना तुम्ही उशिरा झालेलं काम स्वीकारलंत आणि स्वीकारताना नुकसानभरपाईचा हक्क राखून ठेवल्याचं कळवलं नाहीत, तर तो उशीर नंतर उकरता येत नाही. म्हणून मुदतवाढीच्या प्रत्येक पत्रात ‘भरपाईचा हक्क राखून’ हे शब्द हवेत. ते लिहिल्याने कुणी शत्रू होत नाही, आणि चार्टरमध्येच तसं लिहून ठेवा की नोटीस म्हणजे अविश्वास नव्हे. उशिराची भरपाई आठवड्याला अर्धा टक्का, कमाल ५ टक्के असा वाजवी आकडा ठेवा. कलम ७४ प्रमाणे ठरलेली रक्कम ही वरची मर्यादा असते, मोठा आकडा घालून काही साधत नाही.

वादाची पायरी: साइटवर ४८ तास, मग तुम्ही दोघे ५ दिवस, मग दोघांनी आधीच नाव घालून नेमलेला स्वतंत्र इंजिनिअर १४ दिवस, त्यानंतर मध्यस्थी आणि शेवटी लवाद. इंजिनिअरचा निर्णय लवादापर्यंत दोघांनी पाळायचा आणि काम थांबवायचं नाही. लवाद मालकानेच नेमायचा असं कलम आता टिकत नाही, दोघांच्या संमतीने नेमा. एकमत झालं नाही तर अर्ज उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाकडे जातो. लवादाचं स्थळ बेळगाव लिहा.

मच्छे_वर्कशॉप

सगळ्यांचे आभार. एक राहिलं. पीईबीचं स्ट्रक्चर दुसरी कंपनी देणार आहे, तिची ऑर्डर मी थेट देतोय. पेडेस्टल (स्टीलच्या खांबाखालचा काँक्रीटचा ठोकळा) सिव्हिलवाल्याचं, त्यात रोवायचे अँकर बोल्ट पीईबीवाल्याचे. या दोघांच्या मधली जबाबदारी कुणाची?

साइट_इंजिनिअर_खानापूर

पीईबीवाल्याला चार्टरच्या बैठकीला बोलवा आणि त्याच्या ऑर्डरलाही आगाऊ सूचनेचं कलम जोडा, नाहीतर मधली फट तुमची.

बोल्टचं काम असं बांधा. बोल्ट आणि टेम्प्लेट प्लेट (बोल्ट जागेवर धरणारा भोकांचा साचा) पीईबीवाल्याने पेडेस्टल ओतण्याच्या किमान ७ दिवस आधी साइटवर द्यायच्या. बसवणं सिव्हिलवाल्याचं. टेम्प्लेट सळईला नुसती बांधून चालत नाही, ती शटरिंगला घट्ट पकडलेली हवी, कारण व्हायब्रेटर लागला की सुटा बोल्ट सरकतो आणि वाकतो. ओतण्याआधी ग्रिड लाइन, कर्ण, बोल्टची उंची आणि चुड्यांची (आट्यांची) लांबी तिघांनी मिळून तपासायची, सह्या करायच्या, चुड्यांना ग्रीस लावून कापड गुंडाळायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायचं. बोल्ट २-३ मिमीच्या पुढे हलला असेल तर त्याच दिवशी वहीत नोंद, आणि उपाय स्ट्रक्चरल इंजिनिअर सांगेल. बेसप्लेटचं भोक साइटवर गॅसने मोठं करायचं नाही, हे लेखी असू द्या. सह्या झाल्यानंतर बोल्ट हलला तर सिव्हिलवाल्याचा खर्च, ड्रॉइंग किंवा टेम्प्लेट चुकलं असेल तर पीईबीवाल्याचा.

कंत्राटदार_निपाणी

एक जोडतो. २.४० कोटींत जीएसटी धरलाय की वेगळा, ते आज विचारा. कंत्राटावर १८ टक्के लागतो आणि इमारतीवरचं इनपुट क्रेडिट (भरलेल्या जीएसटीची वजावट) तुम्हाला मिळत नाही, म्हणजे तो थेट खर्च. पण मशीनचं फाउंडेशन कायद्याने प्लांट-मशिनरीत मोडतं, त्यामुळे त्याचं मोजमाप आणि बिल पहिल्यापासून वेगळं मागा आणि तुमच्या सीएला दाखवा. बांधकाम कामगारांचा १ टक्का उपकर टार्गेटमध्ये आहे का, तेही त्याच वेळी लिहून घ्या.