रिओतली रेघ कोणी पुसली?

रानवारा (धागाकर्ता)

१२ डिसेंबर २०१५. पॅरिसजवळच्या ल बुर्जेमध्ये हवामान करार मंजूर व्हायची वेळ टळून गेली, तरी परिषदेचे अध्यक्ष लोराँ फाबियूस व्यासपीठावर येईनात. ४.४ या कलमातल्या एका क्रियापदावर सगळं अडलं होतं. श्रीमंत देशांनी उत्सर्जन घटवण्यात पुढाकार घ्यायचा, या वाक्यात 'शॅल' छापलं गेलं होतं. अमेरिकेला 'शुड' हवं होतं. आपल्या भाषेत 'करतील' की 'करावे'. 'करतील' राहिलं असतं तर ओबामांना करार सिनेटपुढे न्यावा लागला असता, आणि तिथे तो नक्की पडला असता. शेवटी सचिवालयाने छपाईच्या चुका म्हणून काही दुरुस्त्या वाचल्या, त्यांतच हीही वाचली, आणि हातोडा पडला.

बहुतेकजण हा प्रसंग मुत्सद्देगिरीचा नमुना म्हणून सांगतात. मला मात्र त्यात २३ वर्षांच्या माघारीचं शेवटचं पाऊल दिसतं.

थोडं मागे जाऊ. १९९० साली वॉशिंग्टनच्या वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटने सर्वाधिक उत्सर्जन करणाऱ्या देशांची यादी काढली आणि पहिल्या पाचांत अमेरिका, सोव्हिएत संघाच्या जोडीला ब्राझील, चीन आणि भारताला बसवलं. पुढच्या वर्षी दिल्लीतून अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी त्याला उत्तर दिलं. भाताच्या खाचरातला मिथेन आणि चैनीच्या मोटारीचा धूर एकाच तराजूत तोलायचा का, हा त्यांचा सवाल होता. जगण्यासाठीचं उत्सर्जन वेगळं, ऐषआरामाचं वेगळं. १९९१च्या फेब्रुवारीत व्हर्जिनियातल्या शँटिली इथे हवामान कराराच्या वाटाघाटी सुरू झाल्या, तेव्हा भारताच्या बाजूने चंद्रशेखर दासगुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दरडोई समानतेचा हाच धागा धरून ठेवला. १९९२च्या जूनमध्ये रिओला सह्या झालेल्या करारात 'समान पण वेगवेगळी जबाबदारी' हे तत्त्व आलं आणि परिशिष्टात श्रीमंत देशांची नावं लिहिली गेली. रेघ म्हणतो ती ही.

पुढचा इतिहास त्या रेघेवर खोडरबर फिरवण्याचा आहे. १९९५ला बर्लिनमध्ये, अँजेला मर्केल परिषदेच्या अध्यक्ष असताना, विकसनशील देशांवर नवी बंधनं येणार नाहीत असं ठरलं. म्हणून तर क्योटो कराराचा आराखडा उभा राहिला: श्रीमंत देशांनी १९९०च्या पातळीपेक्षा सरासरी ५.२ टक्के उत्सर्जन कमी करायचं, २००८ ते २०१२ या काळात. पण क्योटोच्या आधीच, जुलै १९९७मध्ये, अमेरिकी सिनेटने ९५ विरुद्ध ० मतांनी बजावलं होतं की भारत-चीनवर बंधन नसेल तर आम्हीही नाही. २००१मध्ये बुश यांनी करार उघडपणे झटकला. २०११मध्ये कॅनडानेही बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं.

आणि आपण? २००९ला कोपनहेगनमध्ये मनमोहन सिंग, वेन जियाबाओ, लुला आणि झुमा बसले होते त्या खोलीत ओबामा शिरले, आणि ज्याने-त्याने आपापला आकडा स्वतःच ठरवायचा या पद्धतीला आपण होकार दिला. डर्बनला २०११मध्ये पुढचा करार 'सर्वांना लागू' असेल हे मान्य केलं. त्या ठरावात समानता हा शब्द नाही, वेगवेगळी जबाबदारी नाही. लिमात २०१४ला मूळ तत्त्वाला 'निरनिराळ्या राष्ट्रीय परिस्थितीच्या प्रकाशात' अशी शेपटी जोडली गेली. ती आली होती महिनाभर आधीच्या अमेरिका-चीन संयुक्त निवेदनातून. दोन सर्वांत मोठ्या उत्सर्जकांनी लिहिलेलं वाक्य आपण जसंच्या तसं घेतलं.

माझं मत असं की भारताने कोपनहेगनला नाही म्हणायला हवं होतं. तुम्हांला काय वाटतं?

मुक्ता_चंद्रपूर

रानवारा, तपशील नेमके आहेत, निष्कर्ष मला पटत नाही.

ती रेघ १९९२ची होती आणि १९९२तच गोठली. परिशिष्टात ज्यांची नावं नव्हती त्यांत सिंगापूर, दक्षिण कोरिया, कतार, सौदी अरेबिया होते. हे देश पुढची वीस वर्षं 'विकसनशील' म्हणून बसून राहिले. तेल विकून श्रीमंत झालेला सौदी आणि दुष्काळात होरपळणारा नायजर एकाच गटात, आणि त्या गटाचं पुढारपण आपल्याकडे. सौदीने प्रत्येक बैठकीत खोडा घातला आणि आपण गटाची एकजूट म्हणून गप्प राहिलो. चीनची गोष्ट तर वेगळीच. आज जगाच्या वार्षिक कार्बन उत्सर्जनात जवळपास तिसरा हिस्सा एकट्या चीनचा आहे. १९९२ची यादी धरून बसायचं तर त्याच्यावरही काही बंधन नाही.

दुसरं, आणि हे मी चंद्रपुरात राहून सांगते. इथे २,९२० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र आहे, भोवती कोळशाच्या खाणी आहेत, आणि मे महिन्यात पारा ४७च्या वर जातो. दरडोई दोन टन हा भारताचा सरासरी आकडा. माझ्या शेजारच्या वस्तीत राहणाऱ्या, खाणीवर रोजंदारीने जाणाऱ्या माणसाचा आकडा किती असेल? आणि मुंबईच्या टॉवरमध्ये प्रत्येक खोलीत एसी लावणाऱ्याचा? ग्रीनपीस इंडियाने २००७मध्येच हा प्रश्न विचारला होता: श्रीमंत भारतीय गरिबांच्या सरासरीआड लपतात. 'जगण्यासाठीचं उत्सर्जन' हे शब्द दिल्लीने जगाला ऐकवले, देशात कधी लावून पाहिले नाहीत. राख आमच्या छपरावर पडते, वीज दुसरीकडे जाते, आणि परिषदेत आमच्या गरिबीचा आकडा पुढे केला जातो.

धुकं

मी अमेरिकेत न्यू जर्सीला राहतो म्हणून इथली बाजू सांगतो. ९५-० हा ठराव रिपब्लिकनांचा एकट्यांचा नव्हता. त्याचे एक कर्ते रॉबर्ट बर्ड हे डेमोक्रॅट, वेस्ट व्हर्जिनियाचे, म्हणजे कोळसा खाणींच्या राज्याचे. अल गोर स्वतः क्योटोला गेले, करारावर सही झाली, पण क्लिंटन यांनी तो सिनेटकडे पाठवलाच नाही. त्यामुळे रिओची रेघ जशीच्या तशी ठेवली असती तर अमेरिका आत आलीच नसती. पॅरिसला 'करावे' लिहिलं म्हणून निदान काही वर्षं तरी आली.

रानवारा

धुकं, आणि मग काय झालं? २०१७ला बाहेर पडण्याची घोषणा, २०२१ला परत आत, २०२५ला पुन्हा बाहेर पडायचा आदेश. ज्या देशाला सामावून घ्यायला करार पातळ केला, तो देश आत राहिलाच नाही. पातळ करार तेवढा आपल्याकडे राहिला.

मुक्ता, सिंगापूर-सौदीबद्दल तुमचं म्हणणं मान्य. यादी दर दहा वर्षांनी तपासायची तरतूद हवी होती, आणि तिची मागणी आपण स्वतः करायला हवी होती. पण चीनचा आकडा वार्षिक आहे. १८५० पासूनचा हिशोब मांडा: हवेत साठलेल्या कार्बनपैकी साधारण चौथा हिस्सा अमेरिकेचा, भारताचा तीन-चार टक्के. तापमान वाढतं ते साठ्याने.

दर्याकाठ

इतका वेळ वाचतोय आणि दोन्ही बाजूंच्या बोलण्यात एक देशसमूह आलाच नाही.

१९९१मध्ये, करार लिहिला जात असताना, पॅसिफिकमधल्या वानुआतूने छोट्या बेटांच्या वतीने एक प्रस्ताव ठेवला होता: समुद्र चढून होणाऱ्या नुकसानीसाठी श्रीमंत देशांनी पैसे घालून एक विमा निधी उभारावा. तो बाजूला पडला. 'हानी आणि नुकसान' निधी मंजूर झाला शर्म अल-शेखला, २०२२मध्ये. एकतीस वर्षं. आणि मधल्या काळात पॅरिसच्या ठरावात ५१वा परिच्छेद घातला गेला, की करारातल्या 'हानी आणि नुकसान' कलमावरून कोणाला भरपाईचा दावा करता येणार नाही.

रानवारा, कोपनहेगनला आपण नाही म्हणायला हवं होतं असं तुम्ही लिहिता. त्याच परिषदेत तुवालू या छोट्या बेटांच्या देशाने कायदेशीर बंधन असलेला नवा करार मागितला होता. भर सभेत त्याला विरोध करणाऱ्यांत चीन आणि सौदी अरेबियाबरोबर भारत होता. तुवालूचे प्रतिनिधी इयन फ्राय बोलताना रडले. म्हणजे बंधन श्रीमंतांवर हवं असं आपण म्हणत होतो, आणि ज्यांची जमीनच बुडते आहे ते 'सर्वांवर बंधन घाला' म्हणत होते. न्यायाची भाषा आपण बोललो खरी, पण आपल्यापेक्षा दुबळा समोर आला तेव्हा तिची कसोटी लागली आणि आपण उतरलो नाही. मी कोकणातला आहे. खाडीचं पाणी भरतीला शेतात शिरतं तेव्हा बांधावरचा माणूस कोणाच्या दरडोई आकड्याने समाधान मानत नाही.

पवनचक्की

क्योटोबद्दल थोडं माझ्या कामातलं लिहितो, कारण तो करार चांगला आणि पॅरिस वाईट, अशी मांडणी इथे होते आहे.

क्योटोत स्वच्छ विकास यंत्रणा होती. गरीब देशात प्रकल्प करायचा, जेवढं उत्सर्जन टळलं तेवढी क्रेडिट्स श्रीमंत देशांनी विकत घ्यायची. २००६ ते २०१२ मी या प्रकल्पांची कागदपत्रं तयार करायचो, बरीचशी सातारा, सांगली, धुळ्याच्या पवनचक्क्यांची. मुख्य अट अशी की क्रेडिटचे पैसे मिळाले नसते तर हा प्रकल्प उभाच राहिला नसता, हे सिद्ध करायचं. खरं सांगतो, त्यांतल्या कित्येक पवनचक्क्या घसाऱ्याच्या करसवलतीसाठी उभ्या राहत होत्या. क्रेडिट नसतं तरी राहिल्या असत्या. कागदावर मात्र आम्ही दाखवत होतो की नसत्या राहिल्या. मी त्यात होतो आणि ते मला आजही सलतं.

त्याहून वाईट होतं एचएफसी-२३. शीतकरणाचा वायू बनवताना हा निघतो, आणि त्याचा एक टन म्हणजे त्या वेळच्या हिशोबाने कार्बन डायऑक्साइडचे ११,७०० टन. तो जाळून टाकायला खर्च अगदी थोडा, क्रेडिट्स प्रचंड. भारत आणि चीनमधल्या मोजक्या कारखान्यांनी यातून अमाप कमाई केली. युरोपने २०१३पासून ती क्रेडिट्स घेणं बंद केलं. तोवर बाजारच कोसळला होता: २००८मध्ये वीस युरोंच्या वर गेलेलं क्रेडिट २०१२च्या अखेरीस एका युरोच्याही खाली.

ज्या रेघेसाठी आपण भांडतो तिच्या आपल्या बाजूला उभं राहून पैसे कोणी मिळवले, हेही इतिहासात लिहायला हवं. पठारावरच्या गावांना रस्ता मिळाला, काहींना जमिनीचे पैसे. क्रेडिटचा पैसा गावात आलेला मी तरी पाहिला नाही.

अश्वत्थ

अमेरिका बाहेर पडली आहे, मग आपणही पडावं. कोळसा आहे, वापरावा.

मुक्ता_चंद्रपूर

अश्वत्थ, कोळसा वापरतोच आहोत. तो जळतो तिथे मी राहते. बाहेर पडून माझ्या गावातला उन्हाळा एका अंशानेही कमी होणार नाही.

पवनचक्की, मनापासून आभार. हे लिहायला धैर्य लागतं.

रानवारा, तुम्ही ग्लासगोबद्दल लिहिलं नाहीत. २०२१ला अगदी शेवटच्या क्षणी भूपेंदर यादव यांनी कोळसा 'बंद करणे' ऐवजी 'कमी करणे' करून घेतलं, अध्यक्ष आलोक शर्मांना रडू आवरलं नाही. ही कुठल्या तत्त्वाची लढाई?

रानवारा

ग्लासगोबद्दल मी दिल्लीची बाजू घेईन. 'कमी करणे' हा शब्द त्याच आठवड्यात अमेरिका-चीनच्या संयुक्त घोषणेत आला होता. त्यांनी लिहिला तेव्हा टाळ्या, आपण मागितला तेव्हा खलनायक. शिवाय मसुद्यात फक्त कोळसा होता, तेल आणि वायूचं नाव नव्हतं. कोळसा आपला, तेल-वायू त्यांचा. पुढच्या वर्षी शर्म अल-शेखला आपण म्हटलं, सगळीच जीवाश्म इंधनं कमी करण्याचं लिहा. ते अंतिम मसुद्यात आलं नाही. तेल-वायूला कवेत घेणारं वाक्य यायला २०२३चं दुबई उजाडावं लागलं, तेही 'पासून दूर जाणे' इतकं मऊ.

आणि पैशाचं बघा. कोपनहेगनला वचन दिलं, २०२०पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर. श्रीमंत देशांच्या स्वतःच्या संघटनेच्या हिशोबानेही ते गाठलं गेलं २०२२मध्ये, आणि त्यातला मोठा भाग कर्जाच्या रूपात. बाकूत २०२४ला विकसनशील देशांनी वर्षाला १.३ लाख कोटी डॉलर मागितले, ठरले ३०० अब्ज, तेही २०३५पर्यंत. भारताच्या चांदनी रैना बोलायला उभ्या राहिल्या तोवर हातोडा पडून गेला होता. पॅरिसमध्ये सचिवालयाला क्रियापद दुरुस्त करायला वेळ होता, बाकूत एका देशाचा आक्षेप ऐकायला नव्हता.

दर्याकाठ, तुवालूबद्दल माझ्याकडे उत्तर नाही. मी कोपनहेगनचा विचार आजवर फक्त त्या एका खोलीपुरता करत होतो. ओबामा दार उघडून आले, ती. तुवालूचं भाषण झालं त्या सभागृहात आपण कुठे बसलो होतो, हे मी पाहिलंच नव्हतं.

दर्याकाठ

पाहिलंत हे बरं झालं. एक भर घालतो. वानुआतूने १९९१ला बाजूला पडलेला मुद्दा दुसऱ्या वाटेने नेला. त्यांच्या पुढाकाराने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे प्रश्न गेला आणि २३ जुलै २०२५ला न्यायालयाने सल्ला दिला की हवामानाची हानी रोखणं ही देशांची कायदेशीर जबाबदारी आहे, आणि ती मोडली तर भरपाईचाही प्रश्न येऊ शकतो. 'करावे' नव्हे, 'करतील'च्या बाजूचं मत. बंधनकारक नाही, पण लिहिलं गेलंय.

मुक्ता_चंद्रपूर

मग तो सल्ला आपल्यालाही लागू. निधीचा पैसा उद्या खरंच दिल्लीत आला, तर तो चंद्रपूरच्या खाण कामगारापर्यंत कसा पोचणार, हे कुठल्या कलमात आहे ते कोणी शोधून देईल का? मला मिळालेलं नाही.