सिकंदरबागेचा तो फोटो लढाईतला नाही

अण्णाकाका: हा बघा लखनौच्या सिकंदरबागेचा फोटो. १८५७ ची लढाई सुरू असताना काढलेला. सगळ्या ग्रुपवर पाठवा.

मीनाआत्या: बाई गं! पुढे पसरलीत ती खरी हाडं आहेत का? मला तर जेवण जाईना.

ताई: आत्या, खरी आहेत. पण काका, जरा थांबा, हा फोटो लढाई चालू असतानाचा नाही. सिकंदरबागेत लढाई झाली १६ नोव्हेंबर १८५७ ला. इंग्रज सेनापती कॉलिन कॅम्पबेलच्या फौजेने बागेच्या भिंतीला खिंडार पाडलं आणि आत अडकलेले सुमारे २,००० बंडवाले शिपाई मारले. फोटो काढणारा फेलिचे बिआतो लखनौला आला १८५८ मध्ये, मार्चमध्ये इंग्रजांनी शहर परत घेतल्यावर.

सोनू: म्हणजे इतके महिने प्रेतं तशीच पडलेली?

ताई: तेच तर वाचवत नाही. जॉर्ज कॅम्पबेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने आठवणींत लिहून ठेवलंय की प्रेतं झाकलेली होती, फोटोग्राफरने हट्टाने ती उघडी करायला लावली. म्हणजे या माणसांना मारून झालं, झाकून झालं, आणि फोटोसाठी परत उघडं केलं. मला याचा फार राग येतो.

अण्णाकाका: मग लढाईचेच फोटो का नाही काढले त्याने?

ताई: काढताच येत नव्हते, काका. काचेवर रसायन लावायचं, काच ओली आहे तोवरच फोटो घ्यायचा आणि लगेच अंधाऱ्या तंबूत नेऊन धुवायची. काही सेकंद सगळं स्थिर हवं. धावणारा माणूस उमटायचाच नाही. म्हणून त्या काळच्या युद्धाच्या फोटोंत बरेचदा एकतर ऐटीत उभे अधिकारी दिसतात, नाहीतर मेलेले. इथेही बघा, मागे पडक्या इमारतीपुढे चार माणसं आणि घोडा. ती माणसं कोण, हे कुणी लिहून ठेवलं नाही.

सोनू: हाच बिआतो पुढे चीनला गेला ना?

ताई: हो, दुसऱ्या अफू युद्धात, म्हणजे इंग्रज आणि फ्रेंच चीनशी लढले तेव्हा. २१ ऑगस्ट १८६० ला ताकूचा किल्ला पडला. आत चिनी सैनिकांचा खच होता. फौजेबरोबरच्या एका डॉक्टरने लिहिलंय की बिआतोला ते दृश्य सुंदर वाटलं, आणि फोटो होईपर्यंत प्रेतं हलवू नका म्हणून तो विनवत होता.

मीनाआत्या: सुंदर?? त्यांच्या आया वाट बघत असतील घरी.

अण्णाकाका: मग हा फोटो काढूनच टाकू का ग्रुपवरून?

ताई: नको काका. त्या २,००० जणांचं डोळ्यांना दिसेल असं एवढंच उरलंय. फक्त खालची ओळ बदला. लढाई नोव्हेंबर १८५७, फोटो १८५८, हाडं फोटोसाठी उघडी केलेली. तिन्ही लिहा.

अण्णाकाका: लिहितो. सकाळपासून चार ग्रुपवर गेलाय, तिथेही दुरुस्ती टाकतो.

मीनाआत्या: शाळेतल्या मुलांच्या ग्रुपवर मात्र नका टाकू हो.