मदत हवी आहे: नाचणी-सोयाच्या पेयाची खळ होते!

भरतीओहोटी (ऐरोली): शनिवारी शहापूरच्या पाड्यावर पन्नास ग्लास न्यायचेत आणि तिसरा घाणाही फसला. नाचणीला मोड काढले, वाळवली, भाजली, दळली. सोयाबीन रात्रभर भिजवून वाटून गाळलं. एकत्र शिजवून गूळ घातला. गरम असताना ठीक, पोचेपर्यंत पोस्टर चिकटवायची खळ. पाणी वाढवलं तर पोटात जाणार काय? वर सोयाचा वास. लवकर सांगा.

कोपरीकर: मुलांची वयं? किती पिठाला किती पाणी?

भरतीओहोटी: वय कशाला? घट्ट होतंय हा प्रश्न आहे.

कोपरीकर: कशाला म्हणजे? सहा महिन्यांच्या आत आईच्या दुधाशिवाय काहीच द्यायचं नसतं.

भरतीओहोटी: बालवाडीतली आहेत हो, तीन ते सहा वर्षांची. लिटरला दीड वाटी पीठ.

वाशी_जिमवीर: ओट्सचं तयार दूध मिळतं की. मी पाम बीचवर सायकल मारून आलो की तेच घेतो.

नियमावली: त्याला दूध म्हणू नका. एफएसएसएआयच्या, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या, नियमांत बसत नाही. नारळाचं दूध म्हटलेलं चालतं.

शहापूरची_लेक: पाड्यावर ओट्स? 😀

दळणवाला: ताई, नाचणी किती भाजलीत?

भरतीओहोटी: चांगली खमंग, तपकिरी. सासूबाई म्हणतात त्याशिवाय पचत नाही.

दळणवाला: तिथेच गडबड. मोड येताना दाण्यात अमायलेज नावाचं एन्झाइम तयार होतं, ते पिष्ट तोडून लापशी पातळ करतं. तुम्ही ते तव्यावर मारलंत. थोडी मोडाची नाचणी नुसती वाळवून दळा, भाजू नका. लापशी शिजवून साठ-पासष्ट अंशांवर निवू द्या, लिटरला दोन चमचे ते पीठ घालून ढवळा. दहा मिनिटांत ओतता येईल. मग पुन्हा एक उकळी, मोडाच्या पिठात जंतू असतात. पाणी तेवढंच, म्हणजे पोषणही तेवढंच.
सोयाचा वास गार पाण्यात वाटल्याने येतो. भिजलेले दाणे उकळत्या पाण्यात टाकून गरमच वाटा. नंतर वीस मिनिटं उकळा. कच्च्या सोयात प्रथिनं पचू न देणारा घटक असतो.

आजीचा_बटवा: सोया हवंच कशाला? शेंगदाणे घाला, आम्ही त्यावरच वाढलो.

दळणवाला: दमट हवेत ठेवलेल्या दाण्यांना बुरशी लागते, तिचं विष, अफ्लाटॉक्सिन, भाजूनही पुरतं जात नाही.

आजीचा_बटवा: मग आम्ही जिवंत कसे?

कोपरीकर: भांडा नंतर. वर लिंबू पिळा, नाचणीतलं लोह अंगी लागायला मदत होते. बी१२ जीवनसत्त्व मात्र यातून मिळणार नाही. पाच वर्षांखालच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटीमीटरच्या आत असेल तर पेय बाजूला ठेवा, आधी डॉक्टर.

भरतीओहोटी: एक लिटर करून पाहिलं, धार लागली! सासूबाई अजून संशयाने बघतायत. वासही बराच कमी.

शहापूरची_लेक: शिजवता किती वाजता, वाटता किती वाजता?

भरतीओहोटी: पहाटे पाचला शिजवते, अकराला वाटते.

शहापूरची_लेक: सहा तास?! या उकाड्यात? नासेल ना. सोयाऐवजी डाळ्याचं पीठ घ्या, दोन्ही पिठं कोरडीच न्या आणि तिथे शिजवा. अंगणवाडीत सोय असेल, सेविकेशी बोललात का?

भरतीओहोटी: नाही अजून.